फॉर्मवर टिक होती, मला पत्ताच नव्हता

परवा एका मैत्रिणीच्या सासऱ्यांची किडनी गेली, ते पण इथे न्यू जर्सीतच असतात, आणि तिने मला फोनवर विचारलं की अगं तुला ट्रान्सप्लान्टचं पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं, डॉक्टरने ना? मी पटकन म्हणाले, "नाही, बस ड्रायव्हरने." तिला वाटलं मी मस्करी करतेय. पण खरंच तसंच झालं होतं, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून टाकू.

मला बीपी होतं पंधरा-एक वर्षं. गोळ्या घ्यायच्या, मधेच सोडायच्या, आपल्यात चालतं तसं चालू होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत धाप लागली म्हणून इमर्जन्सीत नेलं तर रक्तातली घाण दाखवणारं क्रिएटिनिन ११, म्हंजे किडन्या गेलेल्या. तिथेच छातीत नळी घालून डायलिसिस सुरू केलं आणि दोन आठवड्यांनी मी एडिसनजवळच्या एका सेंटरमधे रिक्लायनर खुर्चीवर ब्लँकेट पांघरून पडलेली. सेंटर म्हंजे स्ट्रिप मॉलमधलं दुकानच, एका बाजूला पिझ्झा, दुसऱ्या बाजूला डॉलर स्टोअर. मंगळ, गुरु, शनि, पहाटेची शिफ्ट, चार तास.

अठरा खुर्च्या. पहिल्या आठवड्यात शुद्धीवर आल्यावर इकडेतिकडे बघितलं तर गोरे दोन-तीनच. बाकी सगळे ब्लॅक, स्पॅनिश बोलणारे, एक फिलिपिनो आजी आणि आम्ही देशी चार-पाच जण. बाहेर पार्किंगमधे जी अमेरिका दिसते ती आत नव्हती. नंतर कळलं की हे आमच्याच सेंटरचं नाही, देशभर असंच आहे, ब्लॅक लोक लोकसंख्येत १३ टक्क्यांच्या आसपास पण डायलिसिसच्या खुर्च्यांवर साधारण एक तृतीयांश. बीपी, डायबेटिस, काहींच्यात एपीओएल-वन नावाच्या जीनचा प्रकार, आणि मुख्य म्हंजे डॉक्टरकडे उशिरा पोचणं. त्या शेवटच्या बाबतीत मी कुणाला काही बोलायच्या लायकीची नाही.

तर दुसऱ्या आठवड्यात सोशल वर्कर क्लिपबोर्ड घेऊन आली. बिचारीकडे दोन-तीन सेंटर होती, ती कायम धावत असायची. इन्शुरन्स, मेडिकेअर (सरकारी इन्शुरन्स), तक्रार कुठे करायची, डाएट, वादळ आलं तर काय करायचं, असे पंधरा-वीस कागद. माझं पोटात ढवळत होतं, बीपी पडलेलं, पायात गोळे येत होते. ती काहीतरी बोलली, मी मान हलवली, सही केली. त्या कागदांत २७२८ नंबरचा एक सरकारी फॉर्म असतो. डायलिसिस सुरू झालेल्या प्रत्येकाचा तो मेडिकेअरकडे जातो आणि त्यात एक प्रश्न आहे, पेशंटला ट्रान्सप्लान्टच्या पर्यायांची माहिती दिली का? माझ्या फॉर्मवर टिक आहे "हो". खाली सही माझीच, ओळखू येते, शाळेत वळण लावलेलं अक्षर. मी फाईल मागवून घेतली तेव्हा पाहिलं.

आणि त्याच फाईलमधे एका ओळीची नोट होती की पेशंटला इंटरेस्ट नाही. आता हे कुठून आलं म्हणून मी फार डोकं खाजवलं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की तिने विचारलं असणार आणि मी आपली मान डोलावली असणार, आपण "हो हो, बरं" म्हणताना डोलावतो तशी, आणि अमेरिकन माणसाला ती नकारार्थी दिसली. हे खरं की खोटं देव जाणे. पण त्या एका नोटीपायी आठ महिने कुणीही माझ्याकडे तो विषय काढला नाही.

बसकाका माझ्या शेजारच्या खुर्चीवर. नाव लिहीत नाही, मी मनात त्यांना बसकाकाच म्हणायचे कारण आयुष्यभर त्यांनी नुअर्कच्या रस्त्यांवर बस चालवली. ब्लॅक, साठी उलटलेली, आवाज इतका खर्जातला की मशीनचा अलार्म पण ऐकू येऊ नये. ऑक्टोबरमधे एकदा त्यांनी मला विचारलं, तू लिस्टवर आहेस का? मला वाटलं खिडकीजवळच्या खुर्चीसाठी लिस्ट आहे, कारण त्या खुर्चीवरून आमच्यात भांडणं व्हायची. मी म्हटलं नाही, मला इथे ठीक आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं ना, की बाई एवढी शिकलेली आणि हिला काही ठाऊक नाही.

मग पुढचे तीन आठवडे, मंगळ-गुरु-शनि, माझी शिकवणी. किडनीची वेटिंग लिस्ट असते, देशभरात नव्वद हजारांच्या घरात लोक आहेत त्यावर. तू लिस्टवर उशिरा गेलीस तरी तुझा नंबर डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हा नियम डिसेंबर २०१४ पासूनचा, त्यामुळे तुझे आठ महिने वाया गेलेले नाहीत. पण नाव नसेल तर फोन कुणाला करणार? जिवंत माणसाने दिली तर बरीच जास्त वर्षं टिकते. डायलिसिसवर पाच वर्षांनी अर्ध्याहून कमी लोक उरतात, हे पण त्यांनीच सांगितलं, सहज, पुढच्या स्टॉपचं नाव सांगावं तसं. मी घरी येऊन बाथरूममधे रडले आणि मग नेफ्रॉलॉजिस्टला, म्हंजे किडनीच्या डॉक्टरला, सांगितलं की मला ट्रान्सप्लान्टसाठी रेफर करा. तो म्हणाला, "ओह, तुम्हाला हवंय का?"

इव्हॅल्युएशन, म्हंजे ट्रान्सप्लान्ट झेपेल का ह्याची तपासणी, पूर्ण दिवस. सर्जन, ट्रान्सप्लान्टचा नेफ्रॉलॉजिस्ट, कोऑर्डिनेटर नर्स, फार्मासिस्ट, डाएटिशियन, पैशांचं बघणारी बाई, परत एक सोशल वर्कर. रक्ताच्या ट्यूबा मी वीसपर्यंत मोजल्या मग सोडून दिलं. हृदयाचा इको आणि स्ट्रेस टेस्ट, पोटाचा सीटी, कारण नवी किडनी जिथे जोडायची तिथल्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलंय का ते बघतात. कोलोनोस्कोपी, मॅमोग्राम, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी (तीन दाढा काढल्या). आणि टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. आपल्याकडे लहानपणी कुठेतरी संसर्ग होऊन गेलेला असतोच, आजार नाही, पण ट्रान्सप्लान्टनंतर प्रतिकारशक्ती दाबायची म्हंजे तो जागा होऊ शकतो, म्हणून चार महिने रिफॅम्पिन. किडन्या गेल्यामुळे माझी लघवी जवळजवळ बंदच झालेली, चमचाभर व्हायची ती पण केशरी. नवरा म्हणाला श्रीखंडात घालू. असले विनोद सहन करून मी २०१७ च्या सप्टेंबरमधे लिस्टवर आले.

मधे त्यांचा एक क्लास असतो, तो सांगायलाच हवा. दोन तास, इंग्रजीत, भिंतीवर स्लाइडवर स्लाइड, आम्ही चौदा पेशंट आणि नातेवाईक. बोलणारी नर्स चांगली होती, तळमळीने सांगत होती. पण समोर कोण बसलंय ते बघा ना. ग्वाटेमालाचा एक पोरगा, पंचविशीतला, रेस्टॉरंटच्या किचनमधे काम करणारा, त्याच्या कानाला फोनवरचा दुभाष्या, तो दर दोन वाक्यांनी तुटत होता. एक गुजराती काका-काकू, काका पेशंट, काकू सगळ्याला "यस यस" म्हणत होत्या. जेवणाचं उदाहरण मॅश्ड पोटॅटोचं. शेवटी "काही प्रश्न?" विचारल्यावर कुणीच हात वर केला नाही, आणि मग पार्किंगमधे काकूंनी माझा दंड धरला. "बेन, जूनी किडनी काढी नाखशे?"

म्हंजे दोन तासांत पहिली गोष्टच पोचली नव्हती. मी माझ्या मोडक्या गुजरातीत आणि उरलेलं हिंदीत सांगितलं की जुन्या तशाच राहतात पाठीकडे, नवी पुढे ओटीपोटात बसवतात, उजव्या किंवा डाव्या अंगाला, मग माणसाच्या पोटात तीन किडन्या. काकू एकदम हसल्या. त्यांना वाटत होतं की जुनी काढली आणि नवी चालली नाही तर डायलिसिसचा पण उपयोग नाही, माणूस तिथेच संपला. इतके महिने त्या भीतीपोटी काकांना अडवत होत्या आणि फाईलवर लिहिलेलं असणार, इंटरेस्ट नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर डोनर मिळेना. माझा ग्रुप बी. भारतात साधारण दर तिघांत एक बी असतो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण गोऱ्या अमेरिकनांत दहात एखादा. ब्लॅक लोकांत पण बी जास्त, बसकाका बी. म्हंजे बी किडनीसाठी रांगेत उभे आम्ही जास्त आणि येणाऱ्या किडन्या कमी. नवऱ्याचा ग्रुप ए, तरी जोड्यांच्या अदलाबदलीत (दोन जोड्यांनी एकमेकांच्या पेशंटला किडनी द्यायची) चाललं असतं, तर त्याची शुगर बॉर्डरला निघाली आणि त्याला घरी पाठवलं. साताऱ्याचा भाऊ बी, पण त्याला डायबेटिस. सगळ्या आत्या-माम्या म्हणे "इंडियात ये, पुण्यात होतं पटकन". पटकन काही होत नाही, १९९४ चा कायदा आहे, जवळचं नातं लागतं नाहीतर समितीची परवानगी, आणि तिकडचा माझा जवळचा एकच तो असा. राहिला मुलगा, चोवीस वर्षांचा, बी. तो तयार होता. मी नाही म्हटलं. आईने द्यायची असते, घ्यायची नाही, एवढंच मला सुचलं. ह्यावर घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

आणि बाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं! महाराष्ट्र मंडळात मी तीन वर्षं "जरा थायरॉइड आहे" म्हणत फिरत होते, हातावरचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून फुगवलेली शीर) लपवायला जूनमधे फुल बाह्या. जिवंत डोनर शोधायचा तर लोकांना कळायला नको का? ह्याचं शिक्षण पण बसकाकांकडूनच. म्हणाले, स्वतः मागता येत नाही तर तुझ्यासाठी बोलणारं कुणीतरी शोध. ही पद्धत मोठ्या हॉस्पिटलांत मुद्दाम शिकवतात हे मला नंतर समजलं, पेशंटऐवजी त्याचा मित्र किंवा बहीण लोकांना सांगते. माझ्या जावेने ते काम घेतलं, गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद वाटता वाटता सांगून टाकलं. सहा जणांनी चौकशी केली, दोघं तपासणीपर्यंत गेले, जमलं कुणाचंच नाही. पण त्या दिवशी मंडळातल्या दोन बायकांनी मला कोपऱ्यात गाठून सांगितलं की त्यांच्या घरी पण कुणीतरी डायलिसिसवर आहे. दोन! इतकी वर्षं एकत्र पोहे खातोय आम्ही.

२०१९ मधे फिलाडेल्फियाच्या एका सेंटरवर पण नाव घातलं. दोन ठिकाणी नाव घालता येतं हे पण कुणी आपणहून सांगत नाही. दुसऱ्या इव्हॅल्युएशनवरून इन्शुरन्सशी हुज्जत झाली पण वसूल झालं, कारण तिथे ए-टू चा प्रकार करत होते. ए ग्रुपमधे एक ए-टू म्हणून पोटप्रकार असतो, त्याचं लेबल फिकट असतं असं समजा, ज्या बी पेशंटच्या रक्तात ए-विरोधी अँटीबॉडी कमी आहेत त्यांना ती किडनी चालू शकते. २०१४ च्या त्याच नव्या नियमांत हे घातलं होतं, मुद्दाम, बी वाल्यांचं म्हंजे जास्त करून आमच्यासारख्यांचं थांबणं कमी व्हावं म्हणून. पण करणारी सेंटर थोडी. माझ्या अँटीबॉडी दर काही महिन्यांनी मोजायचे, मी वेगळ्या संमतीपत्रावर सही केली, ह्या वेळी वाचून.

हे मी लगेच बसकाकांना सांगितलं, आणि ते म्हणाले की माझं तर आधीपासून सगळं नीट आहे. मी म्हटलं तरी एकदा फोन करून विचारा. केला, स्पीकरवर, सुया टोचलेल्या असताना. पलीकडची बाई म्हणाली तुम्ही लिस्टवर आहात पण इनॅक्टिव आहात, चौदा महिने झाले, तुमची स्ट्रेस टेस्ट जुनी झाली. इनॅक्टिव म्हंजे दिवस मोजले जातात पण किडनीचा फोन येत नाही. सगळ्या सेंटरला लिस्ट शिकवणारा माणूस, आणि रोज रात्री फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपायचा. ते काही बोलले नाहीत. चार तास खिडकीकडे तोंड करून पडून होते. त्यांची बहीण घ्यायला आली तेव्हा तिने मात्र तोंड सोडलं, ती अलाबामाची आठवण काढून बोलली, टस्कीगीची. तिथे १९३२ ते १९७२ चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या ब्लॅक माणसांना उपचार न देता नुसतं बघत ठेवलं होतं. मी तोवर हे नाव ऐकलं नव्हतं. आमच्या युनिटमधे कुणी डोनर कार्डाला नाही म्हटलं की नर्सा म्हणायच्या अंधश्रद्धा. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीचे डॉक्टर क्लाइव्ह कॅलेंडर, स्वतः ब्लॅक सर्जन, त्यांनी १९८२ च्या सुमाराला ब्लॅक लोकांनाच बसवून विचारलं की तुम्ही अवयव का देत नाही, तर कारणांत हा अविश्वास होता, लवकर मेलेला ठरवतील ही भीती होती. त्यांनी त्यावर वाद घातला नाही, त्याच समाजातली माणसं बोलायला उभी केली, त्यातून पुढे १९९१ मधे एमओटीटीईपी नावाचा अवयवदानाचा देशभरचा कार्यक्रम निघाला. बसकाकांच्या चर्चमधे पण त्यातलंच कुणीतरी येऊन बोललं होतं, त्यांना मुळात लिस्टचं तिथेच कळलं. म्हंजे माझी शिकवणी आली ती हॉवर्डवरून चर्चमार्गे.

मला फोन आला नोव्हेंबर २०२१ मधे, रात्री पावणेदोनला, फिलाडेल्फियावरून. ए-टू. पाच वर्षं नऊ महिने. किडनी आठवडाभर झोपलेली होती, ऑपरेशननंतर पण दोनदा डायलिसिस करावं लागलं, ते कुणी सांगितलेलं नसतं तर मी समजले असते की वाया गेली. मग एका पहाटे जागी झाली. देणाऱ्याच्या घरच्यांना संस्थेमार्फत पत्र लिहिलं, उत्तर नाही, येईलच असं नाही. आता शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, हात जरा थरथरतात, रांगोळी जमत नाही, ग्रेपफ्रूट बंद आणि आपलं पपनस पण बंद.

२०२२ च्या उन्हाळ्यात नॅशनल किडनी फाउंडेशनचं पिअर मेंटरचं, म्हंजे जुन्या पेशंटने नव्याला आधार द्यायचं, ट्रेनिंग घेतलं आणि जुन्या सेंटरच्या मॅनेजरला विचारून दर मंगळवारी मास्क लावून जायला लागले. ट्रेनिंगमधे शिकवतात की आधी ऐका, औषधाचा सल्ला देऊ नका, आपलं घोडं पुढे दामटू नका. बरोबर आहे. पण खुर्चीवरचा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो माहितीये? कुठल्याही भाषेत, बाई असो बाप्या असो, आवाज खाली आणून, लघवी होते का? मी म्हणते होते, रात्री तीनदा उठते. त्यावर जो चेहरा उजळतो तो कुठल्या स्लाइडने उजळत नाही.

ग्वाटेमालाच्या पोराला वाटत होतं कागद नाहीत तर लिस्टवर घेतच नाहीत. नियमात नागरिकत्वाची अट नाही, अडतं ते इन्शुरन्सवर, आणि ते सोपं नाही, मी खोटी आशा दिली नाही, स्पॅनिश बोलणाऱ्या नर्सला मधे घालून आर्थिक कोऑर्डिनेटरची अपॉइंटमेंट घेतली. एका ब्लॅक बाईच्या चुलत बहिणीची चांगली चाललेली किडनी गेली होती कारण तीन वर्षांनी मेडिकेअर संपलं आणि गोळ्या परवडेनात. हा नियमच तसा होता, ३६ महिने, मग तुमचं तुम्ही. जानेवारी २०२३ पासून दुसरा इन्शुरन्स नसलेल्यांना फक्त ह्या गोळ्यांपुरतं मेडिकेअर चालू ठेवता येतं, महिना हप्ता भरून. ती म्हणाली, माझ्या बहिणीला उशीर झाला. मी काय बोलणार.

गुजराती काकांचं गाडं मुलावर अडलं होतं. मुलगा देतो म्हणतोय, काका म्हणतात बापाने पोराची घ्यायची हे उलटं आहे. मी त्यांना दधीचीची गोष्ट वगैरे सांगितली नाही, मी स्वतःच मुलाला नाही म्हटलेली बाई. फक्त सांगितलं की डोनरची टीम वेगळी असते, त्याच्या बाजूने बोलणारा स्वतंत्र माणूस असतो, मुलाला मधेच नको वाटलं तर तुम्हाला कारण कळू देत नाहीत, दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, त्याच्या तपासण्यांचा खर्च त्याच्यावर पडत नाही, आणि पुढे त्याला कधी लागलीच तर देणाऱ्यांना लिस्टवर वर घेतात. काका म्हणाले तुमच्या मुलाची का नाही घेतलीत? मी म्हटलं, घाबरले. आणि मग आम्ही दोघं गप्प बसलो बराच वेळ.

बसकाकांना २०२३ मधे पत्र आलं. किडनी किती काम करते त्याचा आकडा काढायच्या जुन्या फॉर्म्युल्यात ब्लॅक पेशंट असेल तर आकडा आपोआप वर धरायचे, सोळा टक्के, कुठे एकवीस टक्के, म्हंजे किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसायची आणि लिस्टची वेळ (ती ह्या आकड्यावरून डायलिसिसच्या आधी पण सुरू होऊ शकते) यायची उशिरा. २०२२ मधे लिस्टसाठी ते वापरायला बंदी आली आणि जानेवारी २०२३ पासून हॉस्पिटलांना सांगितलं की जुन्या फायली काढा आणि ज्यांचा वेळ बुडाला त्यांना तो परत द्या. हजारोंना मिळाला. बसकाकांचे २०११ चे रिपोर्ट त्यांच्या बहिणीने बुटाच्या खोक्यात जपून ठेवले होते, त्यावर जवळजवळ तीन वर्षं वाढवून मिळाली. पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, सगळ्या युनिटला ऐकू जाईल असं. मी वाचलं. संपल्यावर ते म्हणाले, आता माझं नाव ॲक्टिव आहे की नाही ते पण विचार. मी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. ॲक्टिव होतं.

येत्या गुरुवारी त्यांची स्ट्रेस टेस्ट आहे, ह्या वर्षीची. बहिणीचा गुडघा धरलाय म्हणून मी नेणारे. मी हायवेवर फार हळू चालवते असं त्यांचं म्हणणं आहे.